भिंत निघाली, पण लादी जुळेना

प्रश्न : आमचा नेरुळला टू बीएचके फ्लॅट आहे, इमारत २००४ ची. सोसायटीची परवानगी घेऊन आणि इंजिनिअरला दाखवून हॉल-किचनमधली भिंत काढली. भिंत होती तिथे साडेपाच इंच रुंद आणि नऊ फूट लांब पट्टा उघडा पडला आहे. टीव्हीची वायरिंग खालून नेताना हॉलमधल्या चार लाद्या फुटल्या. किचन आठ बाय नऊचं आहे, तिथला ओटा दुसऱ्या भिंतीला नेला, तर जुन्या ओट्याखाली लादीच नाही असं निघालं. सगळ्या घरात एकच लादी आहे, दोन बाय दोनची, आयव्हरी, चकचकीत. बाथरूम सोडून साधारण ४५० चौरस फूट. माळ्यावर तीन लाद्या शिल्लक आहेत. वाशीपासून घोडबंदर रोडपर्यंत दुकानं पालथी घातली. प्रत्येक जण म्हणतो, "आयव्हरीच आहे, बसल्यावर कळणार नाही." घरी आणून ठेवली की कळतं. ठेकेदार म्हणतो, सगळ्या घरात जुन्यावरच नवी टाइल चिकटवू. सासऱ्यांचं म्हणणं, चांगली फरशी कशाला झाकायची? गणपतीच्या आधी घर लागायला हवं. काय करावं?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : नमस्कार. आधी एक विनंती. दुकानं फिरणं थांबवा. २००४ ची लादी आज हुबेहूब मिळणार नाही, आणि "जवळपास" मिळालेली लादी तुमच्या हॉलमध्ये कायम डोळ्यात सलत राहील. तुम्हाला हवी असलेली लादी बाजारात नाही, ती तुमच्याच किचनमध्ये बसवलेली आहे. तीच हॉलमध्ये वापरा, किचनला सरळसरळ वेगळी नवी टाइल घाला आणि मधल्या पट्ट्यात ग्रॅनाइट बसवा. सासऱ्यांचं म्हणणं आम्हाला पटतं. हॉल आणि बेडरूमची फरशी जशी आहे तशी राहू द्या.

दुकानदार खोटं बोलतो असं नाही. त्याच्या डब्यावर खरंच "आयव्हरी" लिहिलेलं असतं. पण एकाच कारखान्यातली एकाच नावाची टाइलसुद्धा प्रत्येक भाजणीत थोडी वेगळी उतरते. माती बदलते, भट्टीचं तापमान थोडं इकडे-तिकडे होतं. म्हणूनच प्रत्येक डब्यावर शेड नंबर आणि बॅच नंबर छापतात. एका महिन्याच्या अंतराने घेतलेले दोन डबे जुळत नाहीत, तिथे वीस वर्षांचं अंतर कसं जुळावं? ते डिझाइनही एव्हाना बंद झालेलं असणार.

रंग सोडला तरी मापाची अडचण उरतेच. जुनी "दोन बाय दोन" नेमकी किती आहे, ते टेपने मोजा. त्या काळच्या बऱ्याच लाद्या ६०० ते ६०५ मिलिमीटरच्या निघतात. आजच्या टाइल्स बहुधा ५९८ ते ६०० च्या आसपास असतात. दर लादीमागे ५ मिलिमीटरचा फरक म्हणजे चार लाद्यांत २ सेंटिमीटर. जुनं काम जॉइंट न सोडता लादीला लादी भिडवून केलेलं असेल तर हा फरक लपवायला जागाच उरत नाही. जाडीही जुळत नाही, जुनी ९-१० मिलिमीटरची आणि नवी बहुधा ८ ते ९ ची. जाडीचा फरक मात्र खालच्या मसाल्यात भागवता येतो, त्याची चिंता नको.

उरली चमक, आणि याचा विचार सहसा कुणी करत नाही. वीस वर्षं केर-पोछा झालेल्या पॉलिश लादीवर बारीक चरे पडतात, ये-जा होते तिथली लकाकी उतरते आणि सोफ्याखालची तशीच राहते. सकाळी खिडकीकडे तोंड करून खाली बसा आणि फरशीवर तिरका उजेड कसा पडतो ते बघा. चालण्याची वाट स्पष्ट दिसेल. तिथे कोरी करकरीत लादी बसवली तर रंग जुळूनही ती आरशासारखी चमकेल. म्हणून माळ्यावरच्या त्या तीन लाद्यासुद्धा हॉलच्या मध्यात घालू नका, असं आम्ही सांगू. त्या रंगाने तुमच्याच आहेत, पण वापराने नाहीत.

आता कामाकडे वळू. किचनमध्ये ओटा हलल्यामुळे तिथली फरशी नाहीतरी पूर्ण करावीच लागणार आहे. जुन्या ओट्याची दोन फूट रुंद जागा वजा केली तर सहा बाय नऊचा भाग उरतो, म्हणजे हिशेबाने बारा अखंड लाद्या आणि कडेचे काही तुकडे. त्यातल्या निम्म्या धडपणे निघाल्या तरी तुमचं काम झालं, कारण लागणार आहेत चारच. हळदीचे आणि तेलाचे डाग असतील, तेव्हा आधी सगळ्या लाद्या तेलकटपणा काढणाऱ्या फ्लोअर क्लीनरने घासून घ्या आणि मग कुठल्या घ्यायच्या ते ठरवा. ॲसिड वापरू नका, ते जॉइंटमधलं सिमेंट खातं. जुन्या ओट्याजवळच्या लाद्यांवर डाग आणि चरे जास्त असतील. खिडकीकडच्या आणि दाराकडच्या बहुतेक हॉलसारख्याच दिसतील.

तुमच्यासारखी व्हिट्रिफाइड, म्हणजे भट्टीत काचेसारखी घट्ट भाजलेली लादी अखंड काढणं अवघड असतं हे खरं, पण तुमच्याकडे एक मोठी सोय आहे. भिंत गेल्यामुळे किचनच्या लाद्यांची एक पूर्ण कड उघडी पडली आहे. मिस्त्रीला वरून ठोकायची गरजच नाही, तो बाजूने आत शिरू शकतो. कामाचा क्रम असा ठेवायला सांगा. आधी सगळ्या लाद्या नाण्याने किंवा छिन्नीच्या मागच्या बाजूने हलकेच वाजवून बघायच्या. पोकळ आवाज येईल तिथे खडूने फुली. या लाद्यांनी मसाला आधीच सोडलेला असतो, त्या बहुतेक वेळा सहज सुटतात. मग हातकटरने लादीच्या चारही बाजूंचे जॉइंट कापायचे, लादीच्या जाडीइतकेच खोल, जास्त नाही, कारण खाली वायरिंगचा पाइप असू शकतो. जॉइंट कापले नाहीत तर एका लादीवरचा धक्का शेजारच्या तिघींना बसतो. त्यानंतर उघड्या कडेने चपटी छिन्नी आडवी धरून मसाल्यात घालायची. लक्षात ठेवा, मसाल्यात, लादी आणि मसाल्याच्या फटीत नाही. फटीत घातली की लादीचा कोपरा टवका होऊन उडतो. मसाला तीन-चार ठिकाणी पोखरला की लादी खालच्या थरासकट वर येते.

हे काम ब्रेकर मशीनने होत नाही. ठेकेदाराला घाई असेल आणि तो मशीन लावू म्हणेल तर ठाम नकार द्या. चार लाद्या हातात आल्याशिवाय किचनमध्ये मशीन चालू करायचं नाही, हे आधीच बोलून ठेवा. बिगाऱ्याने मशीन एकदा फिरवलं की पाच मिनिटांत सगळ्या लाद्यांचे तुकडे होतात आणि मग आम्हीही काही सुचवू शकणार नाही. सहा निघेपर्यंत हातानेच काम चालू दे. चार बसवायला, दोन हाताशी.

निघालेल्या लादीच्या पाठीला मसाला चिकटलेला असेल. जमिनीवर गोणपाटाच्या दोन-तीन घड्या घालून लादी त्यावर पालथी ठेवा आणि हलक्या हातोड्याने कडेकडून मध्याकडे मसाला उडवा. उरलेला ग्राइंडरच्या कप व्हीलने (वाटीसारख्या घासायच्या चकतीने) काढा. कडांना चिकटलेलं व्हाइट सिमेंट पूर्ण निघालं पाहिजे, नाहीतर लादी खड्ड्यात बसणारच नाही. पाठीवर बाण आहे का तेही पाहा. अनेक लाद्यांवर दिशेचा बाण असतो. हॉलमधल्या फुटक्या लादीचा मोठा तुकडा उलटा करून बाण कुठल्या दिशेला होता ते बघा आणि नवी त्याच दिशेने बसवा. एकरंगी दिसणाऱ्या लादीतसुद्धा दाण्यांचा प्रवाह असतो आणि आडवी फिरवली की उजेडात वेगळी दिसते.

बसवण्याआधी सहाही लाद्या हॉलमध्ये त्या-त्या जागेजवळ नुसत्या मांडून ठेवा, एक अख्खा दिवस. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून, उभ्याने आणि बसून बघा. लादी भिंतीला टेकवून बघण्यात अर्थ नाही, ती जमिनीवर आडवीच बघायची. सर्वांत झिजलेल्या असतील त्या चालण्याच्या वाटेवर, थोडी चमक राखून असलेल्या टीव्हीच्या भिंतीलगत. माळ्यावरच्या तीन पुन्हा माळ्यावर. उद्या प्लंबरने बेडरूममध्ये एखादी फोडली तर त्याच उपयोगी पडतील.

हॉलमधल्या त्या चार खड्ड्यांची तयारी नीट झाली नाही तर पुढची सगळी मेहनत वाया जाईल. इलेक्ट्रिशियन पाइप टाकून वर घाईघाईने मसाला भरतो, बऱ्याचदा लादीच्या पातळीपर्यंत. तो सगळा काढायचा. पाइपची वरची बाजू तयार फरशीच्या पातळीपासून किमान एक इंच खाली हवी. पाइप वर राहिला की लादी त्याच्यावर तरंगते, आणि सहा महिन्यांनी कुणी स्टूल ठेवून पंखा पुसायला चढलं की बरोबर मधोमध तडकते. पाइप वर असेल तर इलेक्ट्रिशियनला परत बोलवा, आणखी खाचा मारून तो खाली घ्यायला लावा. लादी बसल्यावर हे दुरुस्त करता येत नाही.

खड्डा फरशीच्या पातळीपासून सगळीकडे सारखा, साधारण १५ मिलिमीटर खोल करून घ्या. त्यात लादी ९-१० ची आणि ॲडेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचा पिशवीतला तयार मसाला, ५ चं. खोल झालेली जागा सिमेंट-रेतीच्या एकास चार मसाल्याने आदल्या दिवशी भरून ठेवा. खड्ड्याच्या चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. लादी घट्ट बसत असेल तर ठोकून बसवू नका, कडेने अर्धा सूत (साधारण दीड मिलिमीटर) पाणी मारत घासा. चारही बाजूंना निदान एक मिलिमीटर जागा राहिली पाहिजे. जुन्या लाद्या एकमेकींना भिडलेल्या असल्या तरी या चार मात्र भिडवू नका. उन्हाळ्यात लादी फुगायला जागा मागते, ती मिळाली नाही की दोन लाद्या एकमेकींना ढकलत तंबूसारख्या उठतात.

ॲडेसिव्ह का, नुसती सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ घोळ, का नको? व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. स्लरीला धरायला तिच्यात छिद्रंच नसतात. वीस वर्षांपूर्वीच्या इतक्या लाद्या आज पोकळ वाजतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे. पिशवीवर आयएस १५४७७ (टाइल ॲडेसिव्हचं भारतीय मानक) आणि टाइप २ किंवा त्याच्या वरचा प्रकार लिहिलेला बघून घ्या. पावसाळ्याचे दिवस आहेत, पिशवी हाताने दाबून बघा, आत खडे लागले तर परत करा. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच. मिस्त्री अंदाजाने ओततात आणि पातळ करतात, पातळ ॲडेसिव्ह सुकताना बसतं आणि लादी खाली जाते. कालवल्यावर पाच मिनिटं तसंच ठेवून पुन्हा एकदा ढवळायचं. खड्डा झाडून, ओलसर करून, पण पाणी साचू न देता, दातेरी थापीने ॲडेसिव्ह पसरा आणि एक पातळ हात लादीच्या पाठीवरही द्या. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे गोळे ठेवून लादी बसवायची पद्धत अजून चालते, ती चालू देऊ नका. गोळ्यांच्या मधली जागा पोकळ राहते.

पातळी बघायला चार-पाच फुटांची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी लागेल. ती दोन्ही बाजूंच्या जुन्या लाद्यांवर टेकवून, आडवी, उभी आणि तिरकी फिरवून बघायची. रबरी हातोड्याने हळूहळू दाबत पट्टीखाली कुठेही उजेड दिसेनासा झाला की झालं. टाइल लेव्हलिंगच्या प्लॅस्टिक क्लिपा इथे फारशा उपयोगी नाहीत. त्या दोन्ही लाद्यांच्या खाली सरकाव्या लागतात आणि जुनी लादी तर आधीच जाम बसलेली आहे. चोवीस तास त्यावर पाय ठेवू नका.

जॉइंटचा रंग. जुने जॉइंट पांढरे भरले होते, आता करडे-पिवळट झाले असतील. नव्या चौघींभोवती पांढरंशुभ्र व्हाइट सिमेंट भरलं तर लादी जुळूनही चौकट उठून दिसेल. व्हाइट सिमेंटमध्ये काळ्या आणि पिवळ्या ऑक्साइडची अगदी चिमूट घालून तीन-चार छटा कालवा, एका फुटक्या लादीवर बोटभर रेघा ओढा आणि रात्रभर सुकू द्या. ओला रंग गडद दिसतो, सुकल्यावर चांगलाच फिका पडतो, त्यामुळे ओल्यावर निवड केली तर हमखास चुकते. सकाळी ती फुटकी लादी जुन्या जॉइंटशेजारी ठेवून जुळेल ती छटा घ्या.

आता किचनची टाइल. इथे दुकानात मोकळ्या मनाने जा, पण आयव्हरी आणि क्रीम या रंगांकडे बघूही नका. मॅचिंग सेंटरमध्ये पुरता जुळणारा ब्लाउजपीस मिळत नसला की आपण सरळ कॉन्ट्रास्ट घेतो, अर्धवट जवळचा घेत नाही. तेच इथे. मध्यम करडा, मातकट तपकिरी किंवा निळसर राखाडी, निदान तीन-चार छटा गडद, आणि मॅट. चकचकीत घेतली तर हॉलच्या उतरलेल्या चमकेशी तुलना होईल, शिवाय किचनमध्ये पाण्याने पाय घसरतो. मापही वेगळं घ्या, एक बाय दोन किंवा एक बाय एक. पुन्हा दोन बाय दोन घेतली तर बघणारा नकळत हॉलच्या जॉइंटची रेघ किचनमध्ये शोधतो, आणि ६०५ विरुद्ध ६०० च्या हिशेबाने ती चार लाद्यांत २ सेंटिमीटर सरकलेली असते. माप वेगळं असलं की ती अपेक्षाच राहत नाही.

किचन ७२ चौरस फूट. कापाकापीसाठी दहा टक्के धरा, म्हणजे ८० चौरस फूट, आणि वर एक पूर्ण डबा शिलकीसाठी. एका डब्यात किती चौरस फूट येतात ते डब्यावरच वाचा, मापागणिक वेगळं असतं. माल उतरवताना चलनावर सही करण्याआधी प्रत्येक डब्याचा शेड नंबर, बॅच नंबर आणि माप एकच आहे ना ते तपासा. एकही डबा वेगळा असेल तर तेव्हाच परत पाठवा, टाइल कापल्यावर दुकानदार घेत नाही.

खालचा थर साधारण दीड इंचाचा, एकास पाच. एवढ्या जागेला दीड ते दोन पोती सिमेंट आणि नऊ-दहा घनफूट रेती लागेल. हा थर घालण्याआधी नवीन नळाच्या लाइनची प्रेशर टेस्ट, म्हणजे पाण्याचा दाब देऊन गळती तपासणं, झालेलीच हवी. थराला किमान तीन दिवस पाणी मारा. वरून २० किलोच्या दोन पिशव्या ॲडेसिव्ह पुरतील, एक पिशवी ३ मिलिमीटर जाडीला साधारण ४० ते ४५ चौरस फूट जाते. जॉइंट २ मिलिमीटरचे, स्पेसर लावून, आणि किचन असल्यामुळे जॉइंट भरायला इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सिमेंटऐवजी राळेचं, डाग न धरणारं मिश्रण. एक बाय दोनच्या टाइलला या जागेत दीड किलो पुरतं. इपॉक्सी भरल्यावर अर्ध्या तासाच्या आत टाइलवरचा थर ओल्या नायलॉन पॅडने काढायला लावा. मॅट टाइलवर तो सुकला की धुरकट पापुद्रा बसतो आणि मग कशानेच धड निघत नाही.

किचनची तयार पातळी हॉलपेक्षा एक सूत, म्हणजे ३ मिलिमीटर खाली ठेवा. सांडलेलं पाणी हॉलकडे पळत नाही, आणि मधल्या पट्टीत हा उतार पायाला जाणवतही नाही.

आता तो साडेपाच इंचांचा पट्टा. इथे एक मोह होईल. माळ्यावरच्या तीन लाद्या साडेपाच इंचांनी कापल्या तर एकीतून चार पट्ट्या निघतात आणि दोनच लाद्यांत नऊ फूट भरून निघतं. करू नका. शिल्लक संपेल, आणि पट्ट्यांच्या जॉइंटची रेघ ना हॉलशी जुळेल ना किचनशी, ठिगळ लावल्यासारखं दिसेल. तुमच्या नव्या ओट्याला जो ग्रॅनाइट लावला असेल त्याचाच उरलेला तुकडा त्या दुकानातून सहा इंच रुंद कापून आणा. ओटा आणि पट्टी एकाच दगडाची असली की जुनी फरशी, नवी टाइल आणि ओटा यांचं एकमेकांशी नातं दिसतं. नऊ फुटांचा एक तुकडा लिफ्टमध्ये मावणार नाही आणि जिन्याच्या वळणावर मोडेल, साडेचार-साडेचार फुटांचे दोन करा आणि जॉइंट बरोबर मध्यावर घ्या. फिनिश लेदर (चामड्यासारखं किंचित खरबरीत) किंवा मॅट. कडांना गोलाई नको, सरळ कापच हवा, नाहीतर दोन्ही बाजूंना कचरा साठणारी खाच तयार होते.

पट्टी सगळ्यात शेवटी बसवायची. आधी हॉलच्या बाजूची कड सरळ करून घ्या. भिंतीच्या प्लास्टरखाली दबलेली ती कड वेडीवाकडी असते, तिथे मिस्त्रीने काटेकोर काम केलेलं नसतं, कारण वर स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची लादीची पट्टी, येणार होती. सरळ पट्टी टेकवून, सलग धारेच्या डायमंड ब्लेडने, पाणी मारत एकच रेघ कापायची, लादीच्या जाडीइतकी. मग किचनची टाइल आणून त्या रेघेपासून सहा इंच आणि वर ४ मिलिमीटर सोडून थांबवायची, दोन्ही बाजूंना २-२ मिलिमीटरचे जॉइंट मिळतात. खालचा खड्डा एकास चार मसाल्याने भरताना फरशीपासून एक इंच खाली थांबा. १८ मिलिमीटरचा ग्रॅनाइट आणि ६-७ मिलिमीटर ॲडेसिव्ह त्यात बसतं. हा मसाला थोडाच आहे, ५ किलो सिमेंट आणि २० किलो रेतीत भागतो. भिंतीच्या दोन्ही टोकांना जुनी स्कर्टिंग तुटलेली असेल, तिथे सुटलेल्या किचन लाद्यांच्या तुकड्यांतून चार इंची पट्ट्या कापून लावा.

ठेकेदाराच्या सल्ल्याबद्दल. टाइलवर टाइल ही पद्धत वाईट नाही, पण तुमच्या घराला ती नको. ९ मिलिमीटरची टाइल आणि ५ चं ॲडेसिव्ह, म्हणजे फरशी दीड सेंटिमीटर वर येते. मग प्रत्येक दार खालून कापायचं, बाथरूमचा उंबरा तेवढा बुटका होणार, बाल्कनीच्या स्लायडिंगची पट्टी खड्ड्यात जाणार. वजन दर चौरस मीटरला २७ किलोच्या आसपास, ४५० चौरस फुटांना एक टनाहून जास्त. घराचा स्लॅब सहसा चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून आखलेला असतो, त्यामुळे धडधाकट इमारतीत याने आभाळ कोसळत नाही. पण वीस वर्षांच्या इमारतीत खाली कुठे स्लॅबचं प्लास्टर फुगलं असेल, सळई दिसत असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाहीच. आणि मुख्य म्हणजे जुनी पोकळ लादी नव्या टाइलखाली तशीच राहिली तर नवीही तिच्याबरोबर सुटते, म्हणजे पोकळ लाद्या आधी काढाव्याच लागतात.

सगळं घर फोडायचं म्हटलं तर दोन इंच थराच्या हिशेबाने चार टनांहून जास्त डेब्रिज (राडारोडा), २५ किलोच्या दीडशेहून अधिक गोण्या. आम्ही सांगतो त्या पद्धतीत फक्त किचनचं निघेल, पंचवीस-तीस गोण्या. त्यासुद्धा कोपऱ्यावर टाकू देऊ नका. नवी मुंबईत महापालिकेचं डेब्रिज पथक फिरत असतं. सोसायटीच्या वॉचमनशी आणि ठेकेदाराशी बोलून गाडी आधी ठरवा आणि माल अधिकृत ठिकाणीच जाईल हे कामाच्या बोलीत लिहून घ्या.

दिवसांचं गणित : लाद्या काढणं, साफ करणं आणि मांडून बघणं यात तीन दिवस, हॉलची चौकडी बसवायला एक. किचनचा थर हॉलचं ॲडेसिव्ह सुकत असतानाच घालता येतो. त्याला तीन दिवस पाणी, मग टाइल दोन दिवस, पट्टी एक, ग्राउट एक. दहा-बारा दिवस धरा आणि पावसात सगळं हळू सुकतं म्हणून वर तीन दिवस हातचे. गणपतीच्या तीन आठवडे आधी सुरुवात झाली तर मखर बांधायला निवांत वेळ मिळेल. आदल्या आठवड्यात मिस्त्री मिळणं कठीण, मिळाला तर घाईत काम करेल.

किचनमधून चार धड लाद्या निघाल्या नाहीतच, तर माळ्यावरच्या तीन वापरा, पण टीव्हीच्या भिंतीलगत. वाटेवरच्या जागेसाठी बेडरूममध्ये पलंगाखाली पोकळ वाजणारी लादी शोधा. ती वर सांगितल्याप्रमाणे काढा आणि तिच्या जागी दुकानातली जवळपासची आयव्हरी बसवा. पलंगाखाली ती खुशाल वेगळी दिसू दे. बेडरूमची लादी हॉलच्या बॅचचीच असेल असं गृहीत धरू नका, तीही आधी एक दिवस हॉलमध्ये मांडून बघा.